भातशेतीखालची वाळू

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंदाई शहराभोवती मोठं मैदान आहे. पूर्वेला पॅसिफिक महासागर, पश्चिमेला डोंगर आणि मधे कित्येक किलोमीटर सपाट भातशेती. या शेतांत भूवैज्ञानिक जमीन तपासतात ती अगदी साध्या अवजाराने. पत्र्याची एक लांब, चपटी, एका बाजूने उघडी पेटी जमिनीत उभी ठोकायची. ती पूर्ण आत गेली की उघड्या बाजूवरून दुसरा पत्रा सरकवत खाली न्यायचा, म्हणजे झाकण बसतं. मग दोन्ही एकदम वर ओढायचे. पेटीतून जमिनीचा उभा काप येतो. रुंदीला वीतभरसुद्धा नसेल, पण लांबी मीटर-दीड मीटर आणि थर सगळे जागच्या जागी.

काप आडवा ठेवून सुरीने वरचा चिखल खरवडला की वाचायला सुरुवात करता येते. सगळ्यात वर नांगरटीची तपकिरी माती, भाताच्या मुळांसकट. तिच्याखाली कुजलेल्या गवताची काळी माती. म्हणजे शेती होण्याआधी इथे दलदल होती. मग एक पांढुरकी रेघ लागते, ती ज्वालामुखीच्या राखेची. रेघेच्या थोडं खाली फिकट वाळूचा थर, कुठे बोटभर, कुठे चार बोटं जाड. आणि त्याच्याखाली पुन्हा तीच काळी माती.

दलदलीत वाळू आपणहून येत नाही. तिथलं पाणी संथ असतं, त्यातून फक्त मऊ गाळ आणि पालापाचोळा साचतो. वाळूचा कण उचलून आणायला ओढ असलेलं पाणी लागतं, नाहीतर जोराचा वारा. शिवाय या थराचा तळ सुरीने कापल्यासारखा स्वच्छ आहे. हळूहळू बदल झाला असता तर माती आणि वाळू एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या असत्या. इथे एका क्षणापर्यंत दलदल आहे आणि पुढच्या क्षणी वाळू. वाळूनंतर काही काळाने पुन्हा गवत उगवलं, कुजलं आणि दलदलीचा क्रम पूर्वीसारखा चालू झाला.

संशयित चार: नदीचा पूर, वारा, वादळ आणि त्सुनामी. वारा लवकर सुटतो. वाऱ्याने आलेली वाळू एकसारख्या बारीक कणांची असते, तिच्यात मातीची ढेकळं किंवा गोटे सापडत नाहीत. पुराची वाळू नदीच्या काठाला जाड आणि नदीपासून दूर पातळ होत जाते. सेंदाईच्या मैदानात शेकडो ठिकाणी काप काढल्यावर दिसलं की हा थर समुद्राकडून डोंगराकडे पातळ होत जातो, आणि त्याचे कणही त्याच दिशेने बारीक होत जातात. म्हणजे पाणी समुद्राकडून आलं. आता उरले दोघे, आणि खरी डोकेदुखी या दोघांतच आहे.

फरक समजून घ्यायचा तर लाटेचं घड्याळ पाहावं लागतं. वादळात किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा दहा-पंधरा सेकंदांनी एक अशा येतात आणि हा मारा तासन्‌तास चालतो. प्रत्येक लाट वाळूच्या बांधावरून थोडी वाळू आत ढकलते आणि मागे फिरते. शेकडो लाटांचं हे काम एकावर एक बारीक पापुद्र्यांच्या रूपात साठतं. बांधालगत जाड ढीग तयार होतो आणि काही शे मीटरांत तो संपतो. त्सुनामीत एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंत दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा वेळ जातो. पाणी आपटून परतत नाही, आत येतच राहतं. मिनिटन्‌मिनिटं एकाच दिशेने धावणारा हा लोंढा वाळू ढकलत नेत नाही. ती पाण्यात उचलून, तरंगत ठेवून लांब नेतो. त्यामुळे वाळूची पातळ चादर दूरवर पसरते. जाडी बहुधा पाव मीटरच्या आत, पण लांबी किलोमीटरमध्ये.

लोंढा पुढे सरकायचा थांबला की पाणी काही वेळ जवळपास स्थिर उभं राहतं. गढूळ पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की आधी खडे बसतात, मग रेती, शेवटी मऊ गाळ. इथेही तसंच होतं. म्हणून त्सुनामीच्या थरात तळाशी भरड वाळू, वर बारीक आणि सगळ्यात वर कधी कधी चिखलाची पातळ साय सापडते. दुसरी लाट आली की हाच क्रम वर पुन्हा. असे दोन-तीन क्रम एकावर एक दिसले की तज्ज्ञाचे डोळे चमकतात. त्यात आणखी एक खूण असते ती खालच्या मातीच्या गोळ्यांची. लोंढा जमीन खरवडत येतो, तिचे तुकडे उपटतो आणि ते वाळूत पुरून टाकतो. फार वेळ घोळले तर असे मऊ गोळे विरघळून जातात. ते शाबूत आहेत याचा अर्थ सगळा प्रकार लवकर उरकला.

वाळू समुद्रातून आली की नाही हे पाहायला सूक्ष्मदर्शकाखाली डायटम शोधतात. हे एकपेशीय जीव काचेच्या द्रव्याचं कवच बनवतात. खाऱ्या पाण्यातल्यांची कवचं वेगळी, गोड्या पाण्यातल्यांची वेगळी. दलदलीच्या मातीत खाऱ्या पाण्यातली कवचं मिळाली तर समुद्र आत आला होता, हा तर्क सरळ आहे. पण २०११च्या मार्चमधल्या त्सुनामीनंतर सेंदाईच्या ताज्या थरात हाच तर्क लावून पाहिला तेव्हा समुद्री कवचं फारच थोडी निघाली. त्या लोंढ्याने बरीचशी वाळू समुद्रतळातून आणलीच नव्हती. पुळणीवरून, वाळूच्या टेकड्यांवरून आणि शेतातल्या मातीतून ती उचलली होती. त्सुनामी आली होती याबद्दल कुणाला शंका असायचं कारण नव्हतं, तिचं चित्रीकरण जगाने पाहिलं होतं, तरी पाठ्यपुस्तकातली खूण मात्र गैरहजर. त्यामुळे जुन्या थरात समुद्री कवचं नाहीत म्हणून त्याला त्सुनामीच्या यादीतून वगळणं आता धाडसाचं ठरतं.

उलटा धडा फिलिपीन्समध्ये मिळाला. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये हैयान वादळात सामार बेटावरच्या हेरनानी गावात शिरलेली लाट हुबेहूब त्सुनामीसारखी होती. प्रवाळाच्या कट्ट्यावर फुटणाऱ्या लाटांचे गट एकत्र येऊन पाण्याची एक सलग भिंत तयार झाली, आणि तिने कित्येक टनांचे दगड सरकवले. मोठा धोंडा किनाऱ्यापासून आत पडलेला दिसला की त्सुनामी, असं एके काळी बेलाशक लिहिलं जाई. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३-१४च्या हिवाळ्यातल्या वादळांनी ६०० टनांवरची शिळा हलवल्याचं मोजलं गेलं, तेव्हापासून लिहिणारे जरा जपून लिहितात.

म्हणून शहाणा भूवैज्ञानिक एका खुणेवर निकाल देत नाही. वादळाला जमणारच नाही अशी एखादी गोष्ट सापडते का, ते तो पाहतो. अशी गोष्ट अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात सापडली. तिथे कोपालिस नदीच्या खाडीत सीडरची वाळलेली, पांढरी पडलेली खोडं आजही उभी आहेत. सीडर खाऱ्या चिखलात उगवत नाही. मग ही झाडं तिथे कशी? ब्रायन अॅटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात खाड्यांचे काठ फावड्याने साफ करत उत्तर शोधलं. जुनी जंगलाची माती, तिच्यावर वाळू आणि वाळूवर भरती-ओहोटीचा चिखल. काही ठिकाणी मातीत मुळं धरून असलेलं गवत वाळूत जसंच्या तसं गाडलेलं. म्हणजे जंगलाची जमीन एकाएकी मीटरभर किंवा त्याहून जास्त खचली, लगेच वाळू घेऊन पाणी आलं, आणि खचलेल्या जागी त्यानंतर रोज भरतीचं पाणी शिरू लागलं. वादळ वाळू आणेल, झाडंही पाडेल, पण शेकडो किलोमीटरचा किनारा खाली बसवणं त्याच्या हातात नाही. ते काम भूकंपाचं. झाडांच्या मुळांतल्या वर्तुळांवरून ती १६९९चा ऑगस्ट ते १७००चा मे या दरम्यान मेली असं ठरलं. इकडे जपानच्या नोंदवह्यांत १७००च्या जानेवारीअखेरीस भूकंप न जाणवता आलेल्या, मागचापुढचा पत्ता नसलेल्या एका त्सुनामीची नोंद होतीच. केंजी साताके यांनी १९९६मध्ये दोन्ही टोकं जोडली. पॅसिफिकच्या एका काठावर जमीन खचली आणि दुसऱ्या काठावरच्या कारकुनाने तिची तारीख लिहून ठेवली. भूविज्ञानात इतकं नेमकं जुळणं क्वचितच पाहायला मिळतं.

सेंदाईत राजदरबाराच्या इतिहासाची मदत झाली. इ. स. ९०१मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन सान्दाइ जित्सुरोकु’ या दरबारी इतिहासात जोगान काळाच्या अकराव्या वर्षी, म्हणजे ८६९मध्ये, मुत्सु प्रांतात मोठा भूकंप होऊन समुद्र प्रांताच्या ठाण्यापर्यंत आल्याचं आणि सुमारे हजार माणसं बुडाल्याचं लिहिलं आहे. हे ठाणं म्हणजे सेंदाईजवळचा तागाजो किल्ला. शेकडो वर्षं ही नोंद नुसती नोंद होती. दरबारी लेखक थोडं वाढवून लिहितात हे कुणाला ठाऊक नाही? १९९०च्या सुमारास दोन गटांनी स्वतंत्रपणे मैदानात खोदून वाळूचा थर शोधला. एक गट तोहोकु विद्यापीठातले कोजी मिनोउरा यांचा, दुसरा तोहोकु वीज कंपनीतल्या लोकांचा.

इथे राखेची ती पांढुरकी रेघ कामाला आली. ती तोवादा ज्वालामुखीच्या ९१५च्या उद्रेकाची आहे, आणि ईशान्य जपानभर ती एकाच वेळी पडली. वाळू तिच्या किंचित खाली, म्हणजे ९१५च्या थोडी आधीची. ८६९ आणि ९१५ यांत ४६ वर्षांचं अंतर. मधल्या काळ्या पापुद्र्याला तेवढाच वेळ मिळाला. अशी तारखेची राख नशिबात नसेल तर कार्बनवर भिस्त ठेवावी लागते. वाळूच्या लगेच खाली सापडलेलं बी किंवा पान किती जुनं आहे ते मोजलं की लाट त्यानंतरची हे ठरतं. वरच्या मातीतला नमुना सांगतो की लाट त्याआधीची. पण लोंढा जमीन खरवडत येतो हे आपण पाहिलंच. त्याने खालची शंभर-दोनशे वर्षांची माती नेली असेल तर खालचा नमुना लाटेहून तेवढाच जुना निघणार. वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश कधी दिसला हे मोजायचीही पद्धत आहे. गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना नीट ऊन लागलेलं नसलं तर तीही फसते. बहुतेक ठिकाणी निकाल ‘अमुक ते तमुक शतक’ असा शे-दोनशे वर्षांच्या पट्ट्यात येतो. सेंदाईतच राखेच्या वर आणखी एक वाळूचा थर आहे, आणि तो १४५४च्या लाटेचा की १६११च्या, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

राखेखाली आणखी खोल गेल्यावर जुने थरही लागले. मिनोउरा आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये लिहिलं की गेल्या ३००० वर्षांत असे तीन मोठे प्रसंग दिसतात, दोन प्रसंगांत ८०० ते ११०० वर्षं जातात आणि ८६९ला ११००हून अधिक वर्षं उलटून गेली आहेत. दहा वर्षांनी काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पण त्या दहा वर्षांत आकड्यांचं काय झालं हे मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं.

लाट किती मोठी होती हे काढायची रीत अशी. वाळू कुठपर्यंत सापडते ते नकाशावर मांडायचं. त्या काळचा किनारा आजच्यापेक्षा आत होता, सेंदाईत साधारण १ किलोमीटर, तेवढं अंतर वजा करायचं. मग संगणकावर वेगवेगळ्या आकाराचे भूकंप करून पाहायचे आणि ज्याचं पाणी वाळूच्या हद्दीपर्यंत पोचेल तो निवडायचा. साताके आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये असा हिशोब करून ८६९च्या भूकंपाचा आकार ८.४ काढला. हिशोबात चूक नव्हती. पण त्यात एक गृहीत दडलेलं होतं: जिथे वाळू संपली तिथे पाणीही संपलं.

२०११मध्ये हे गृहीत तपासायची संधी आली, तीसुद्धा त्याच शेतांत. सेंदाई विमानतळाच्या परिसरात पाणी सुमारे ४.५ किलोमीटर आत गेलं. अर्धा सेंटिमीटरहून जाड वाळू मात्र २.८ किलोमीटरांवरच संपली. तिच्या पुढे नुसता चिखल, आणि असा चिखल काही वर्षांत नांगरटीत, पावसात, मुळांत आणि गांडुळांच्या बिळांत मिसळून ओळखू येईनासा होतो. पाणी २.५ किलोमीटरच्या आत थांबलं तिथे वाळू जवळजवळ शेवटपर्यंत गेली होती. त्याहून आत गेलं तिथे एकूण अंतराच्या ५७ ते ७६ टक्क्यांपर्यंतच. कारण सोपं आहे. पाणी जितकं आत जातं तितका त्याचा वेग कमी होतो आणि वाळू आधीच खाली बसते. किनाऱ्यावरची सुटी वाळू संपली की न्यायला काही उरतही नाही. थोडक्यात, लाट जितकी मोठी तितकी वाळू तिची उंची कमी करून सांगते. नेमकी ज्या लाटेची भीती बाळगायची तिथेच ती सगळ्यात जास्त हात राखून बोलते. २०११नंतर साताके आणि नामेगाया यांनी ८६९चा हिशोब पुन्हा मांडला तेव्हा आकडा निदान ८.६वर गेला. ०.२चा फरक किरकोळ दिसतो, पण या मापात त्याचा अर्थ ऊर्जा दुप्पट. आणि २०११चा ९.० हा भूकंप ८.४पेक्षा सुमारे आठपट ऊर्जेचा.

फुकुशिमाच्या अणु-अपघाताची गोष्ट या आकड्यांशी बांधलेली आहे. जून २००९मध्ये सरकारी बैठकीत भूवैज्ञानिक युकिनोबु ओकामुरा यांनी विचारलं होतं की दाईइची अणुवीज केंद्राच्या तपासणीत जोगान त्सुनामी का धरलेली नाही. तपासणी तेव्हा धक्क्यांची चालू होती, लाटेचा विषय पुढे ढकलला गेला. केंद्राचा आराखडा जेमतेम सहा मीटरच्या लाटेचा होता, जमीन १० मीटर उंचीवर. आलेलं पाणी १३ मीटरहून उंच. वाळूचं कुणी ऐकलं नाही, असं या प्रकरणावर नेहमी लिहिलं जातं. ते खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की ऐकलं असतं तरी त्या वेळी वाळूच्या हद्दीवरून निघणारा आकडा कमीच पडला असता. त्याच्यावर किती सूट धरायची हे २०११नेच शिकवलं.

आपल्याकडे हा विषय दापोली तालुक्यातल्या केळशीत येऊन पोचतो. भारजा नदीच्या मुखाशी असलेली तिथली वाळूची टेकडी कोकणात फिरलेल्यांना माहीत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा संबंध त्सुनामीशी जोडला होता. अलीकडे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी गावातला शिंपल्यांनी भरलेला वाळूचा थर तपासला, त्याचा काळ साधारण १५वं ते १७वं शतक असा काढला आणि त्यामागे १५२४ची त्सुनामी असावी असं मांडलं. १५२४च्या सप्टेंबरमध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळच्या जवळपास असताना वारा नसताना जहाजं थरथरल्याचं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. लाटेचा उगम म्हणून बोट दाखवलं जातं ते मकरान किनाऱ्याकडे. ते अगदीच हवेत नाही; २८ नोव्हेंबर १९४५ला पहाटे मकरानजवळ झालेल्या ८.१च्या भूकंपाची लाट त्याच सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीने पोचली होती आणि माणसं वाहून गेली होती.

आता केळशीच्या थराला सेंदाईचे प्रश्न विचारून पाहावेत. थरथर ही भूकंपाची खूण आहे. जहाजावरच्या माणसाला ती जाणवली म्हणून लाट केळशीत शिरली असं सिद्ध होत नाही, आणि मकरानचा धक्का इतक्या लांब जाणवावा का हाही प्रश्न आहे. तारखेचा पट्टा दोन-तीन शतकांचा, त्यात १५२४ बसतं, पण त्याच काळात कोकणावर आलेली वादळंही बसतात. ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ याच पट्ट्यातून गेलं, तेव्हा वादळाला संशयितांच्या यादीतून काढायचं तर चांगलं कारण हवं. वॉशिंग्टनसारखा जमीन खचल्याचा पुरावा इथे मिळायची आशाही नाही, कारण मकरानला भूकंप झाला तर जमीन तिकडे वरखाली होईल, कोकणात नाही.

मग उरतो तो कष्टाचा मार्ग, सेंदाईत केला तोच. एका गावातला थर पुरत नाही. बाणकोटपासून जयगडपर्यंतच्या खाड्यांमागे जिथे खाजणं अजून भराव न पडता उरली आहेत, तिथे काप काढत जायचं. त्याच काळाचा, समुद्राकडून आत पातळ होत जाणारा, खाली भरड वर बारीक असा थर एकामागून एका खाडीत मिळतो का हे पाहायचं. वादळ किनाऱ्याच्या एखाद्या पट्ट्यावर कोसळतं, मकरानची लाट गुजरातपासून खाली सगळ्यांनाच भेटेल. असा थर मिळाला आणि तो किती आत गेला होता यावरून कुणी लाटेची उंची काढली, तर आलेला आकडा कमीत कमी एवढी असा वाचायचा.